भंडारा जिल्हा आणि बालसंगोपन व्यवस्थापनाचे शिक्षण

घराबाहेर एकत्र जमणाऱ्या लहान मुलांची काळजी घेणारी जागा नीट चालवणे म्हणजे बालसंगोपन व्यवस्थापन. पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी ही त्या जागेची नावे. मुलाचे वजन, आहार, लस, झोप, खेळ आणि भाषा हा या कामाचा एक भाग. धान्याचा साठा, हिशेब, नोंदवह्या, मदतनिसाचे काम, जागेची सुरक्षितता आणि आईबापांशी राखायचा विश्वास हा दुसरा. अमेरिकेत १९०१ मध्ये जोलिएट येथे पहिले ज्युनिअर कॉलेज निघाले आणि त्यातूनच पुढे कम्युनिटी कॉलेजची परंपरा वाढली. तिथे हा विषय एक-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून शिकवला जातो. आधी शिक्षण, मग नोकरी, असा तो क्रम आहे. भंडारा जिल्ह्यात आणि एकूण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात क्रम उलटा राहिला. काम आधी सुरू झाले, बाया आधी नेमल्या गेल्या आणि शिक्षण त्यांच्यामागून आले. या शिक्षणाचा इतिहास त्यामुळे महाविद्यालयांच्या इमारतींपेक्षा ओसरी, समाजमंदिर आणि शिबिरांतून जास्त सापडतो.

भंडारा हा धानाचा, तलावांचा आणि वैनगंगेचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. इथल्या बाईचे कामाचे वर्ष पाहिले की मुलांच्या सांभाळाचा प्रश्न कुठून उभा राहतो ते कळते. आषाढ-श्रावणात रोवणी. गुडघाभर चिखलात, पावसात, वाकून दिवसभर. दिवाळीच्या सुमारास धानकापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, आणि मध्ये उरलेल्या दिवसांत बिडी वळणे किंवा रोजगार हमीची मातीकामे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी, मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे विणकाम. यातले कोणतेही काम तान्ह्या मुलाला जवळ ठेवून नीट होत नाही. मग मूल म्हाताऱ्या आजीकडे राहते, बांधीच्या धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीत राहते, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. या बहिणीने किती शाळा बुडवली, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. पण बालसंगोपनाची व्यवस्था नसल्याची पहिली किंमत तिनेच मोजली.

इंग्रजी अमलात भंडारा मध्य प्रांतात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा प्रांत पार खचला आणि त्यात सर्वांत आधी लहान मुले गेली. सरकारचे लक्ष तेव्हा मुलांच्या सांभाळापेक्षा बाळंतपणाकडे होते. १८८५ चा डफरिन फंड स्त्रियांना वैद्यकीय मदत देण्यासाठी निघाला. पुढे लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड उभा राहिला आणि गावोगावच्या दायांना शिकवण्याचे प्रयत्न झाले. निरक्षर पण अनुभवी बाईला तिचे काम सोडायला न लावता शिकवायचे, ही कल्पना या प्रयत्नांत आली. अंमलबजावणी तोकडी पडली. शिकवणाऱ्यांनी दाईच्या ज्ञानाकडे अडाणीपणा म्हणूनच पाहिले, आणि दाईनेही मग त्यांचे फारसे मनावर घेतले नाही. पण कल्पना खरी होती. शंभर वर्षांनी तीच पुन्हा वैनगंगेच्या खोऱ्यात यशस्वी झाली, त्याविषयी पुढे येईल.

लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांना रीतसर शिकवायचे, हा विचार मराठी मुलखात आणला ताराबाई मोडक यांनी. १८९२ मध्ये जन्मलेल्या, १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाई लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या. पुढे त्या राजकोटला आणि १९२३ मध्ये भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती या संस्थेचे बालमंदिर सुरू केले होते. दोघांनी मॉन्टेसरी पद्धत भारतीय घरांना मानवेल अशी बदलून घेतली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाची मराठी आवृत्ती निघू लागली आणि बालशिक्षणावरचे मराठी लेखन आईबापांच्या हाती नियमित येऊ लागले. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि त्याच्या जोडीने शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिर चालवले. बालवाडी आणि प्रशिक्षण एकाच आवारात असावे, शिकणाऱ्या बाईने सकाळी मुलांत वावरावे आणि दुपारी त्यावर विचार करावा, ही रचना इथे पक्की झाली. पुढे जे जे चांगले प्रशिक्षण महाराष्ट्रात झाले, ते याच रचनेवर उभे राहिले.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गातली होती. मॉन्टेसरीची साधने महाग होती. मारिया मॉन्टेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, युद्धामुळे काही वर्षे भारतातच राहिल्या आणि त्यांच्या हाताखाली अनेक भारतीय शिक्षक तयार झाले. पण त्यांच्या पद्धतीचा लाकडी संच खेड्याला परवडणारा नव्हता. खेड्याचा प्रश्न दोन ठिकाणी हाताळला गेला. एक भंडाऱ्यापासून फार दूर नसलेले सेवाग्राम, दुसरे समुद्राकाठचे बोर्डी.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा आराखडा तयार झाला. आरंभी तो सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होता. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी त्याचा विस्तार केला. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत जन्मापासून अखेरपर्यंतचे शिक्षण अशी मांडणी झाली आणि सात वर्षांखालच्या मुलांचे शिक्षण पूर्व-बुनियादी या नावाने तिचा पहिला टप्पा ठरले. सेवाग्रामात हे काम शांता नारुलकर यांनी उभे केले. मुलांची अंघोळ, दातांची-नखांची निगा, एकत्र जेवण, अंगणाची झाडलोट, बाग, पाणी भरणे, सूत, माती ही तिथली साधने होती. बाजारातून आणायचे जवळपास काहीच नव्हते. मूल सुधारायचे तर घर सुधारले पाहिजे, म्हणून शिक्षिकेने रोज घरी जायचे, आईशी बोलायचे, हा कामाचा अर्धा भाग मानला गेला. आजच्या अंगणवाडी सेविकेच्या कर्तव्यांच्या यादीतील गृहभेट हे कलम वाचताना सेवाग्रामची ही परंपरा आठवावी लागते. भंडारा आणि वर्धा तेव्हा एकाच प्रांतात होते, नागपूर ही दोघांची राजधानी. तरीही सेवाग्रामचा प्रयोग देशभर चर्चिला गेला आणि शेजारच्या जिल्ह्यांत त्याच्या शाखा मात्र फुटल्या नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

बोर्डीचे काम अधिक पसरले. २४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाईंनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिरातून आलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावला १९१० मध्ये जन्मलेल्या, बालवयातच विधवा झालेल्या अनुताईंनी यानंतरचे सगळे आयुष्य या कामाला दिले. बालवाडी उघडली, साधने मांडली, पण वस्तीवरची मुले येईनात. आईबाप मजुरीवर गेलेले, मोठी मुले धाकट्यांना सांभाळत बसलेली. तेव्हा मुलांना बालवाडीत आणण्याऐवजी बालवाडीच वस्तीत न्यायचे ठरले. शिक्षिका सामान घेऊन पाड्यावर जाई, कुणाच्या तरी अंगणात मुले जमवी, आधी त्यांना अंघोळ घाली, केस विंचरी, आणि मग गाणी-गोष्टी होत. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. साधने म्हणजे शिंपले, बिया, पाने, माती, काड्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली गेली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवले की मोठी बहीण शेजारच्याच शाळेत बसू शकते, हे विकासवाडीने दाखवले. बालसंगोपन आणि मुलींचे शिक्षण यांचा हा सांधा इतका साधा आहे, की तो शासनाच्या योजनांत पुढे अनेक वर्षे का आला नाही याचे आश्चर्य वाटते.

कोसबाडने आणखी एक गोष्ट केली. सातवी-आठवी शिकलेली खेड्यातली बाईही चांगली बालसेविका होऊ शकते, हे त्या प्रशिक्षणाने सिद्ध केले. तिला मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ असायची गरज नव्हती. मूल का रडते, कुठल्या मुलाने काल खाल्ले नाही, भांडणाऱ्या दोघांना कुठले काम द्यावे, हे तिला पाहायला शिकवले जाई. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. त्याहून मोठी पावती म्हणजे अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशाने उचलला.

स्वातंत्र्यानंतर भंडाऱ्याचा कारभार तीनदा बदलला. १९५० पासून तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातल्या कल्याणकारी योजना त्यांच्याकडे गेल्या. या सगळ्या काळात लहान मुलांचे काम दोन वाटांनी चालले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात ग्रामसेविका आणि महिला मंडळे आली. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अनुदानावर बालवाड्या निघाल्या. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बालकल्याण परिषदेने तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात बालसेविका प्रशिक्षण सुरू केले. लहान मुलांच्या संस्था चालवण्यासाठी पूर्ण वेळचे, काही महिन्यांचे, अभ्यासक्रम ठरवून दिलेले असे हे देशातले पहिले मोठे शिक्षण. बालविकास, आरोग्य, आहार, हस्तकला, समाजकार्य आणि संस्थेची व्यवस्था हे विषय त्यात होते. मात्र केंद्रे शहरांत, जागा थोड्या. लाखांदूर-साकोलीकडच्या मुलीला घर सोडून इतके महिने राहणे अवघडच होते.

याच काळात कायद्याने पाळणाघर आणले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर आणि तिथे प्रशिक्षित बाई असण्याची तरतूद झाली. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली गेली. खाणींसाठी १९६६ चे पाळणाघर नियम आले. तुमसरकडच्या मँगनीज खाणींत स्त्रिया काम करत, त्यामुळे जिल्ह्याशी या नियमांचा थेट संबंध होता. पण भंडाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार अधिनियम. त्यातही पाळणाघराचे कलम होते. ते लागू होई ते कारखान्याच्या जागेत ठरावीक संख्येहून जास्त स्त्रिया बसून काम करत असतील तर. आणि बिडी तर घरी वळली जाते. ठेकेदार पाने आणि तंबाखू देतो, बाई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन वळते, संध्याकाळी मोजून देते. कारखाना नाही, म्हणून पाळणाघर नाही. मूल तिच्या शेजारीच, तंबाखूच्या भुकटीत रांगते.

कायदा घराच्या उंबऱ्यावर थांबण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३८ च्या बालकामगार कायद्याने बिडीच्या कामात बारा वर्षांखालच्या मुलांना लावण्यास बंदी केली होती, पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणारे काम त्यातून वगळले होते. सूप धरायला आणि धागा बांधायला मुले बसतच राहिली. बिडीच्या पट्ट्यात बालसंगोपनाची खरी जागा घरांच्या मधोमध, मोहल्ल्यात असायला हवी होती, आणि तिचा खर्च ज्यांच्या नावाने बिडी विकली जाते त्यांनी उचलायला हवा होता. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने, शिष्यवृत्ती आणि घरांसाठी मदत मिळाली. मोहल्ल्यातले पाळणाघर ही त्यातली नेहमीची सोय कधी झाली नाही.

२२ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातला पहिला ग्रामीण-आदिवासी प्रकल्प मेळघाटातील धारणीचा. विदर्भाच्या वाट्याला ही योजना आरंभापासून आली, ती कुपोषणामुळे. पुढे प्रकल्प तालुक्यातालुक्यांत गेले. योजनेत सहा सेवा एकत्र बांधल्या होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. गावातलीच बाई सेविका, तिच्या हाताखाली मदतनीस, पंचवीसेक अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका आणि प्रकल्पावर बालविकास प्रकल्प अधिकारी, अशी उतरंड ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्यास सांगितले. सहा वर्षांखालची चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केली तर अंगणवाडी द्यावी, असे त्यात ठरले. गावाबाहेरचे टोले आणि ढिवरांच्या, गोंडांच्या लहान वस्त्या यांना याच आदेशाचा आधार मिळाला.

इतक्या बाया शिकवायच्या कशा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दिल्लीची राष्ट्रीय लोकसहयोग आणि बालविकास संस्था अभ्यासक्रम आखी, मधल्या फळीची केंद्रे पर्यवेक्षिकांना शिकवीत आणि अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे सेविकांना. आरंभी सेविकेचे कार्यप्रशिक्षण काही महिन्यांचे, निवासी असे. तान्हे मूल सोबत घेऊन बाया वसतिगृहात राहत. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या कित्येकींना तिथे वही, वेळापत्रक आणि मैत्रिणी मिळाल्या. पुढे संख्या वाढली तसा कालावधी आटला; कार्यप्रशिक्षण महिनाभरावर आणि उजळणी आठवड्यावर आली. २०१८ च्या पोषण अभियानात एकवीस लहान घटकांचे टप्प्याटप्प्याचे शिक्षण आले, महिन्याच्या बैठकीत एकेक घटक. सोयीचे होते, पण दादरच्या अध्यापन मंदिरातली सकाळी मुले आणि दुपारी विचार ही घडी त्यात राहिली नाही.

अंगणवाडी चालवताना शिकावे लागते ते नेमके काय? वजन घेणे हे त्यातले पहिले. काटा शून्यावर आहे का, मुलाचे कपडे कमी केले का, नोंद मुलाच्या वयाच्या ओळीत पडली का. २००८ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वाढीचे तक्ते आले आणि जुन्या श्रेणींची सवय झालेल्या हातांना मध्यम आणि तीव्र कुपोषणाची नवी रीत शिकावी लागली. २००९ च्या निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कमी वजनाच्या मुलाला ८०० उष्मांक, गरोदर आणि स्तनदा मातेला ६००, आणि वर्षातले ३०० दिवस हे चालावे असे ठरले. म्हणजे तांदूळ-डाळीचा साठा, महिन्याची मागणी, उशिरा आलेला पुरवठा आणि रोजची हजेरी यांचा मेळ घालणे. नोंदवह्या अकरा. मार्च २०२१ पासून त्यांची जागा हळूहळू मोबाइलवरील पोषण ट्रॅकरने घेतली. हा सगळा व्यवस्थापनाचा अभ्यास आहे आणि सेविका तो दर दिवशी परीक्षेसारखा देते. तरी बराच काळ प्रशिक्षणात व्यवस्थापन म्हणजे नोंदवही कशी भरावी एवढेच शिकवले गेले. साठा कमी पडला तर कुणाला आधी द्यावे, एकटी असताना तीस मुले आणि एक चूल कशी सांभाळावी, हे ती दुसऱ्या सेविकेकडून शिकली.

भाषेचा प्रश्नही याच जिल्ह्यात ठळक आहे. पूर्व विदर्भातले मूल घरी झाडीबोली बोलते, तुमसर-मोहाडीकडे पोवारी, जंगलालगतच्या वस्त्यांत कुठे गोंडी. छापून आलेली गाणी-गोष्टी पुण्या-मुंबईच्या मराठीत. ज्या सेविकेने आपली बोली बिनदिक्कत वर्गात आणली तिच्याकडे मुले लवकर बोलती झाली. अलीकडे राज्याने आणलेल्या ‘आकार’ या बालशिक्षण अभ्यासक्रमात परिसरातल्या साहित्याला आणि मुलाच्या अनुभवाला जागा आहे. मुलाची बोली वर्गात येणे, हेच स्थानिक सेविका नेमण्याच्या नियमाचे सर्वांत मोठे शैक्षणिक मोल आहे.

आरोग्याच्या बाजूने या शिक्षणाला धार आली ती वैनगंगेच्याच खोऱ्यात, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला ऊब देणे, वजन घेणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करणे हे त्यांना शिकवले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यू किती कमी नोंदले जातात ते दाखवले. पुढे आशा कार्यकर्तींच्या मार्फत घरपोच नवजात काळजी देशभर गेली. दाईला शिकवण्याचे जे काम शतकापूर्वी अर्धवट राहिले, ते गडचिरोलीने बाईच्या समजुतीवर विश्वास ठेवून पुरे केले.

महाविद्यालये या कथेत उशिरा येतात. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याच्या कक्षेतील कला महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्र हा मुलींचा आवडता विषय राहिला आणि त्यात बालविकासाचा एक भाग असे. भंडाऱ्याच्या मुलीला बालसंगोपनाचे पुस्तकी ज्ञान बहुधा इथेच मिळाले. पण ते संसारासाठी, असेच सगळे धरून चालले. त्याला व्यवसाय मानले गेले नाही. १९८८-८९ पासून राज्यात बारावीच्या स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम आले, आणि गृहविज्ञान गटात पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा व्यवस्थापन असा विषय आला. व्यवस्थापन हा शब्द या शिक्षणाच्या नावात येण्याची राज्यातली ही महत्त्वाची वेळ. पुढे तो बालक, वृद्ध आणि आरोग्य सेवा अशा जोडविषयात विरघळला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षणाची पदविका आणली. तिचा पहिला पाठ्यगट बालसंगोपन सेवा कशा उभाराव्यात आणि चालवाव्यात यावर, दुसरा आरोग्य-पोषणावर आणि तिसरा विशेष गरजा असलेल्या मुलांवर. घर, शेती आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईसाठी ही रचना योग्य होती. भाषा मात्र इंग्रजी-हिंदी. मराठी माध्यमाच्या सेविकेला ती अडसर ठरली.

भारतात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये तशी योजना आणली. स्थानिक रोजगाराशी जोडलेले, पायऱ्यापायऱ्यांनी पुढे नेणारे शिक्षण हा तिचा हेतू. भंडाऱ्यात बालसंगोपनाइतका स्थानिक रोजगार दुसरा शोधून सापडणार नाही. प्रत्येक गावात दोन-तीन स्त्रिया हे काम करतात. तरीही कौशल्याच्या योजनांत यंत्रे आणि संगणक आधी आले, मुलांची काळजी मागे राहिली. जे काम बाईला जन्मतः येते असे समजले जाते, ते शिकवायला कुणी पैसे खर्च करत नाही. त्याचा पगारही त्याच समजुतीने ठरतो. सेविका आणि मदतनीस मानधनावर राहिल्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका-मदतनीस मानधनवाढ आणि निवृत्तिवेतनासाठी महिनाभराहून अधिक काळ संपावर होत्या.

जागेची सुरक्षितता हाही या कामाचा भाग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या आग-सुरक्षेची तपासणी झाली. लहान मुलांच्या प्रत्येक जागेसाठी ही घटना शिकवण्याचा विषय आहे. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग, वायरिंगची तपासणी, प्रत्येक पाळीला जबाबदार माणूस, मुले बाहेर काढण्याचा सराव या गोष्टी बालसंगोपनाच्या अभ्यासात पोषणाइतक्याच वरच्या असायला हव्यात. अंगणवाडीत गॅसची शेगडी आणि मुले एकाच खोलीत असतात.

अलीकडच्या बदलांनी पात्रतेची पातळी वाढवली. महाराष्ट्रात २०२३ पासून सेविकेसाठी किमान बारावी उत्तीर्ण ही अट आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका देण्याचे म्हटले आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हे प्रशिक्षण सुरू केले आणि २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ व तीन ते सहासाठी ‘आधारशिला’ हे आराखडे दिले. तीन वर्षांखालच्या मुलाकडे केवळ वजन म्हणून न पाहता शिकणारे मूल म्हणून पाहण्याची ही चांगली सुरुवात आहे.

दिवसभराच्या सांभाळाचा प्रश्न मात्र अंगणवाडीच्या काही तासांनी सुटत नाही. रोवणीला गेलेली आई दिवेलागणीला परतते. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमावी, असे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ठरवले. ती बहुतेक कामावरची म्हातारी किंवा अधू बाई असते आणि तिला कुठलेही प्रशिक्षण मिळत नाही. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघर ही रचना आली: सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीसपर्यंत मुले, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, एक सेविका आणि एक मदतनीस. सेविका बारावी, मदतनीस दहावी. भंडाऱ्यात ही पाळणाघरे बिडीच्या मोहल्ल्यांत आणि धानाच्या गावांत आधी निघावीत, रोवणी-कापणीच्या महिन्यांत त्यांची वेळ शेताच्या वेळेशी जुळवावी, आणि तिथे काम करणाऱ्या मुलींना सातही तालुक्यांच्या ठिकाणी, मराठीत, विद्यावेतन देऊन सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मिळावा. त्याला लागणारी महाविद्यालये, अनुभवी पर्यवेक्षिका आणि तीस-तीस वर्षे अंगणवाडी चालवलेल्या सेविका जिल्ह्यात आहेत. शिकवण्याचा पहिला अधिकार या सेविकांना द्यावा.